खालची ओळ

संगणक सुरू करण्याआधी काका त्याच्या डब्यावर हाताची पालथी बाजू टेकवायचे. ताप आलेल्या पोराचं कपाळ बघतात ना, तशी. क्षणभर थांबायचे, "हं, बरा हाय" म्हणायचे आणि मगच बटण दाबायचे. कुठल्याही फायलीत काना-मात्रेचा बदल करायचा झाला, तरी त्याआधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "आधी नक्कल, मग अक्कल."

मला सुरुवातीला हे फार विनोदी वाटायचं. घाबरट माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारी, गॅस बंद केला का म्हणून एसटीतून उतरणारी. काका त्याच जातीचे, असं मी ठरवून टाकलं. माणसांबद्दल झटकन ठरवून टाकायची मला वाईट खोड आहे.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळवून मी सोलापूरला परत आले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका सरकारी कचेरीत, नकला देण्याच्या खात्यात त्यांची हयात गेली. लोकांनी अर्ज करायचा, काकांनी जुन्या दप्तरातला कागद शोधून त्याची अक्षर न् अक्षर नक्कल करून द्यायची, आणि खाली 'खरी नक्कल' असा शिक्का. गाव मोडनिंबकडचं, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. पण संध्याकाळी हार्मोनियम घेऊन बसले, की आमच्या जिन्यातली माणसं पायऱ्या हळू चढायची.

कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा बाकीचे त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालून लांब बसले. काकांनी पुस्तकं आणून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं आणि गाणं शिकवणाऱ्यांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. नाव 'साथ'. निळा पडदा, त्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं. माऊस नाहीच. एक बटण दाबलं की तानपुरा, दुसरं दाबलं की तबल्याचा ठेका, तिसरं दाबलं की स्वरलिपी लिहायची पाटी. पाटीवर तीन ओळी. वरच्या ओळीत स्वर, मधल्या ओळीत गाण्याचे शब्द, खालच्या ओळीत तबल्याचे बोल.

शहरात आणि आसपासच्या गावांत मिळून एकोणचाळीस जण ते वापरत होते. गायनाचे शिक्षक, भजनी मंडळवाले, एकदोन कीर्तनकार, सगळे साठीच्या आगेमागे. काकांना एकोणचाळीसही जणांची घरं, दुखणी आणि बोटं पाठ होती. एका सरांचा उजवा हात लुळा पडला, तर काकांनी आठवडाभर बसून त्यांच्यापुरती सगळी बटणं डाव्या बाजूला आणली. काहीही बदलायचं झालं की आधी एकोणचाळीस फोन. "आमी असं असं करतोय. तुमचं काय बिघडंल का?"

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रमागांना हळदकुंकू लागतं, रिक्षांना हार पडतात. काका त्याआधीचे पंधरा दिवस कोऱ्या सीडी पिशवीत घालून एसटीने गावोगाव हिंडायचे. प्रत्येकाच्या संगणकातल्या सगळ्या फायलींची नक्कल काढायची, तीही दोन-दोन प्रतींत. खंडेनवमीला त्या चकत्या पाटावर मांडून पूजा व्हायची. मग एक प्रत ट्रंकेत जायची आणि एक देवघराच्या खणात.

"काका, पेन ड्राइव्ह वापरा की आता," मी म्हणायची.

"वापरतो की. पन ते खिशातनं पडतंय. सीडी खिशात मावतच न्हाय, पडंल कशी?"

काकू आतून म्हणायच्या, "देवांना जागा उरली न्हाई खणात. बाळकृष्ण सीडीवर बसलाय."

असं सगळं चाललं होतं. मग एक दिवस शहरातल्या एका हार्मोनियमच्या क्लासात काका ठेका दुरुस्त करायला गेले. तिथे नवीन आलेल्या एका मुलीने तो निळा पडदा बघितला आणि विचारलं, "सर, हा बंद पडलाय का?"

काका हसत हसत घरी आले, पण जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्या दारात उभे. "पोरी, हायस का? ती पोरगी खोटं बोलत न्हाय. हे मरायला लागलंय."

मी वाटच बघत होते. नवीन माणसं का येत नाहीत, ते मी बोटांवर मोजून सांगितलं. मोबाइलवर चालत नाही. दिसायला जुनाट. बटणं पाठ करावी लागतात. "तुम्ही हे बदललं नाही, तर ते तुमच्याबरोबरच जाणार," असंही बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

काकांना राग आला नाही. म्हणाले, "बदललं, नवी मानसं आली, आन् जुनी गेली तर?"

"जुनी आहेत किती?"

"एकुनचाळीस."

"तेच म्हणते मी."

 काका म्हणाले, "मला भ्या वाटतंय, पोरी. हे सांगायची लाज वाटत न्हाय मला."

तरी त्यांनी होकार दिला. मी शनिवार-रविवारी आणि रोज नोकरीचं काम उरकल्यावर बसून चार महिन्यांत नवी 'साथ' तयार केली. मोबाइलवर चालणारी आणि संगणकावरही. पांढरा स्वच्छ पडदा, नाजूक राखाडी अक्षरं, बोटाने फिरवायचा तानपुरा. काका शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दर अर्ध्या तासाने "नक्कल काढलीस का?" विचारायचे. मी "हो हो" म्हणायची. खरं तर कधी काढायची, कधी नाही.

शहरातल्या पाच शिक्षकांच्या जुन्या फायली मी नव्या पद्धतीत घालून बघितल्या. तेव्हा एक गंमत दिसली. तबल्याच्या बोलांसाठी ठेवलेल्या खालच्या ओळीत लोकांनी वाटेल ते लिहिलं होतं. एका सरांनी यमनाच्या खाली 'उद्या पाणी येणार' लिहिलं होतं. एका बाईंनी 'चाळशी शोधणे'. टिपणं करायला जुन्या 'साथ'मध्ये दुसरी जागाच नव्हती. मी पोट धरून हसले आणि प्रोग्रॅमला सांगून टाकलं, की खालच्या ओळीत धा, धिं, ना, ता असलं सोडून काहीही दिसलं तर तो कचरा समज आणि पूस. काकांना विचारलं नाही.

आणखी एक केलं. जुन्या फायली नव्या पद्धतीत घालताना त्यांची नक्कल बाजूला ठेवायची व्यवस्था काकांनी हट्टाने करून घेतली होती. तिच्यामुळे पहिल्यांदा सुरू व्हायला चार मिनिटं लागायची. नव्या माणसांना चार मिनिटं थांबायची सवय नसते. मी ती व्यवस्था काढून टाकली. तेही विचारलं नाही.

काकांची अट एकच होती. "नवी मानसं नवं वापरूंद्या. जुन्यांकडं मी सोता जाऊन बसनार. आन् वळसंगच्या बाईंना तर कोन हात लावू नका."

वळसंगच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका. अक्कलकोटकडच्या त्यांच्या आत्याकडून त्यांना मराठी आणि कानडी गाणी मिळाली होती. दळताना, पाळण्यापाशी, लग्नात म्हणायची गाणी. ती कुठे छापलेली नव्हती आणि कुणी ध्वनिमुद्रितही केली नव्हती. डोळे अधू झालेले. पडद्याला नाक लावलं, की निळ्यावरची ती पिवळी अक्षरं तेवढी दिसायची. आणि डोळ्यांच्या मागोमाग आठवणही हळूहळू चालली होती. आज आठवलेलं गाणं उद्या आठवेल याची खात्री नव्हती. म्हणून आठवेल तसं त्या रोज 'साथ'मध्ये लिहून ठेवत होत्या.

हे मला माहीत होतं. तरी नवी 'साथ' तयार झाली त्या दिवशी मी तिची लिंक सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. म्हटलं, बघू दे लोकांना. आता लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच. मला शाबासकी हवी होती. बाकीच्या जुन्यांनी काका येईपर्यंत तिला हात लावला नाही.

दोन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला काका वर आले. खालून हाक न मारता. पायात चपला नव्हत्या. फोन कानापासून लांब धरलेला, चटका बसावा तसा.

"वळसंगचा हाय," एवढंच बोलले.

फोनवर बाईंची सून होती. सासूबाईंना सोपं जावं म्हणून तिने कौतुकाने नवी 'साथ' घालून दिली होती. "ताई, अक्षरं दिसंनात म्हनून मी वाचून दाखवाय बसले. तर खालच्या वळी सगळ्या कोऱ्याच. सगळ्या गाण्यांच्या. तवापासनं जेवल्या न्हाईत. नुसत्या बटनं चाचपडायलेत."

"खालच्या ओळीत काय होतं?" मी विचारलं. 

"सासूबाईंच्या आत्यांचं सगळं. कुटं थांबायचं, कुटं हसायचं, कुटं श्वास घ्यायचा न्हाई. गाणं वरच्या वळीत हाय ओ ताई. पन आत्या खालच्याच वळीत होत्या."

 नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या आहेत, साहेबांनी झापलंही आहे. पण अशी भीती कधी वाटली नव्हती. मी पुसलेलं मला परत आणता येणार नव्हतं. जुन्या फायलींवरच नव्या लिहिल्या गेल्या होत्या. नक्कल नव्हती. आणि ती का नव्हती, हे खुर्चीत बसल्या बसल्या मला काकांना सांगावं लागलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "कधी काढलीस ती यवस्ता?"

"महिना झाला."

ते जिना उतरायला लागले. कठड्याला धरून, एकेक पायरी.

खाली काकूंनी ट्रंक उघडून ठेवली होती. गेल्या खंडेनवमीला काका छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होते, त्यामुळे त्या वर्षी फेरी झालीच नव्हती. वळसंगची शेवटची नक्कल त्याच्याही आदल्या वर्षीची. काकांनी संगणकाच्या डब्यावर पालथा हात टेकवला.  "बरा हाय," असं ते या वेळी म्हणाले नाहीत.

ट्रंकेतली सीडी घातली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडद्यावर आलं, वाचता येत नाही. चकती बाहेर काढली तर तिच्या पाठीला पापुद्रे सुटलेले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत दुसरं काय होणार!

काकू देवघराकडे गेल्या. बाळकृष्णाला उचलून पाटावर ठेवलं, खणातली सीडी काढली, पदराने पुसली आणि काकांच्या हातात दिली. पुन्हा घरघर. तो गोल गोल फिरणारा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. काकांनी डोळे मिटून घेतले होते. मी मात्र पडद्याकडे बघत होते, कारण बघायची शिक्षा माझी होती.

फायली दिसल्या. एकामागून एक, पिवळ्या अक्षरांत. मी पहिलीच उघडली. खालच्या ओळीत होतं, 'आत्या इथं थांबायची. लोकांना वाटे विसरली.'

मला रडू फुटलं. काका म्हणाले, "रडू नगंस. अजून दीड वरसाचं गेलेलंच हाय. ऊठ, गाडी काढ."

स्कूटरवरून वळसंगला निघालो. डोक्यावर ऊन, डांबर मऊ झालेलं. काका मागे बसून सीडीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून होते. अर्धा रस्ता झाला. मग माझ्या कानाशी बोलायला लागले.

"नोकरीला लागलो त्या साली एक नक्कल दिली मी. जमिनीच्या वाटपाच्या कागदाची. घाईत एक वळ गळली माझ्याकडनं. एकच. त्या वळीत त्या बाईचं नाव हुतं. तिच्या दिरांनी तीच नक्कल पुढं केली. चूक सुदरूस्तोवर ती बाई आठ म्हैनं कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची. मला काय बोलायची न्हाय. नुसती बसायची."

मी स्कूटर बाजूला घेऊ लागले, तर म्हणाले, "चल, चल. थांबू नगं. तवापास्नं भ्या वाटतंय. लई कामाचं असतंय ते. लोकं उगीच हसत्यात."

बाई संगणकापुढे बसलेल्या होत्या. लहान चणीच्या, कपाळाला विभूती. दोन्ही हात बटणांवर. आमची चाहूल लागली तशा म्हणाल्या, "बर्री, या, बसा." मग काकांच्या दिशेने तोंड करून, "हे बोलंना झालंय ओ. मी काय चुकीचं दाबलं का?"

त्यांना वाटत होतं, चूक त्यांची. सकाळपासून त्या स्वतःला दोष देत बसल्या होत्या.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "बाई, चूक माझी आहे. ती ओळ मी पुसली. मला वाटलं कचरा आहे."

त्यांनी हाताने माझं डोकं चाचपलं. रागावल्या नाहीत, पण "असू दे" असंही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "किती गेली?"

काकांनी जुनी 'साथ' परत घातली, सीडीवरचं सगळं उतरवलं आणि मोजलं. दीड वर्षातली अकरा गाणी. सगळ्यांत उशिरा आठवलेली, म्हणजे सगळ्यांत खोल गेलेली.

"मग बसा," बाई म्हणाल्या. "आत्ताच बसा. सांजच्याला मला काय आठवंल, काय न्हाई."

त्या गायला लागल्या. एक ओळ गायची, थांबायचं, डोकं हलवायचं, पुन्हा तीच ओळ. मधेच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. पायरी हाताशी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तशी. मग एकदम, "हां! हितं आत्या डावीकडं बघायची." काका ते खालच्या ओळीत लिहायचे. मग ते लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचे, दोनदा. कचेरीत नक्कल पडताळायचे तसं.

त्यानंतर दर मंगळवारी काका एसटीने वळसंगला गेले. मी स्कूटरचं म्हटलं की म्हणायचे, "तुझी नोकरी कर." अकरांपैकी सात गाण्यांच्या खालच्या ओळी परत आल्या. चार नाही आल्या. बाईंनी एका मंगळवारी स्वतःच सांगितलं, "आता पुरे. आता मी उगंच माझ्या मनचं सांगायले. ते आत्याचं न्हाई." ती चार गाणी अजून आहेत, स्वर आहेत, शब्द आहेत. खाली कोरं आहे. ते कोरं माझं आहे.

मी नवी 'साथ' पुसून टाकायला निघाले होते. काकांनी अडवलं. "आता उलटं करू नगंस. नवं पायजेच. न्हायतर ती पोरगी बंद पडलंय म्हननार, आन् बाईंची गाणी कोन उघडनार? कर. पन भिऊन कर."

मी केलं. नव्या 'साथ'ला पिवळी अक्षरं आणि निळा पडदा हवा त्याला घेता येतो. जुनी बटणं चालतात. चार मिनिटं लागतात ती लागतात. आणि खालची ओळ आहे, तिच्यात कुणीही काहीही लिहावं. नवीन मुलं विचारतात, ही कशासाठी? मी सांगते, असू दे.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी टाकी भरली की मोटर बंद करायचं काम काकांचं. खालून हाक यायची, "पोरी, मोटर बंद!" बाईंच्या त्या प्रकरणानंतर वर्ष झालं असेल. एका पाण्याच्या दिवशी टाकी भरली, वाहायला लागली, पाणी गच्चीवरून जिन्यात आलं, आणि तरी हाक आली नाही. मी हातातलं काम टाकून पाण्यातून धावत खाली गेले. पायरीवरच कळलं होतं मला. काका हार्मोनियमपाशी भिंतीला टेकून बसले होते. काकू त्यांच्या छातीवर हात ठेवून होत्या. पालथी बाजू नव्हे, तळवा, दाबून.

तेराव्यानंतर काकूंनी ट्रंक आणि देवघराचा खण माझ्या हवाली केला. "तुझंच आता," म्हणाल्या.

परवा एकेक सीडी उतरवून घ्यायला बसले. काकांची स्वतःची एक होती, त्यांच्या रियाजाची. तिच्यात वळसंगच्या बाईंचं एक गाणं होतं, त्या पहिल्या दिवशी लिहून घेतलेलं. वर स्वर, मध्ये शब्द. खाली, 'हितं आत्या डावीकडं बघायची.' आणि त्याच्यापुढे, गाणं संपल्यावर, त्यांच्या हातचं:

'आज पोरगी लई घाबरली. आता हिच्या हातात द्यायला हरकत न्हाय.'

आज नव्या 'साथ'मध्ये एक छोटा बदल करायचा आहे. काना-मात्रेएवढा. सकाळपासून फोन करते आहे. अडतीस झाले. वळसंगचा फोन वाजतो आहे, अजून कुणी उचललेला नाही. मी नक्कल काढली आहे, दोनदा. एक हात संगणकावर पालथा टेकवलेला आहे, आणि बटण मी अजून दाबलेलं नाही.